टसर पतंगाच्या अळीला तुतीचा पाला चालतो का? तिची खाद्यझाडे कोणती?

नागपुरात रस्त्याकडेच्या देशी बदामावर बोटाहून जाड हिरवी अळी सापडली, ती टसरची असेल तर तिला तुतीचा पाला घालावा का आणि तिची खरी झाडे कोणती, असे आपण विचारले आहे. तुतीचा पाला घालू नये. तुतीवर वाढतो तो बॉम्बिक्स मोरी हा माणसाळलेला रेशीमकिडा. टसरचा पतंग, म्हणजे अँथेरिया मायलिट्टा, आपल्या पानझडी जंगलांतला असून त्याचा तुतीशी संबंध नाही. अळीच्या दोन्ही बाजूंना पिवळसर रेघ आणि काही वळ्यांवर आरशाच्या टिकल्यांसारखे चकाकणारे ठिपके असतील, तर ती बहुधा टसरचीच आहे.

तिची मुख्य झाडे तीन: ऐन, अर्जुन आणि साल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत कोसा, म्हणजे टसरचा रेशमी कोष, घेतला जातो तो प्रामुख्याने ऐनावर, आणि हे काम तिथला ढीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. काळपट, चौकोनी भेगांच्या सालीचा ऐन जंगलात सर्वत्र दिसतो. पांढरट, गुळगुळीत खोडाचा अर्जुन मात्र ओढ्या-नद्यांच्या काठी शोधावा लागतो. साल आपल्याकडे फारसा नाही, पण बस्तरमधला ‘रैली’ नावाचा जंगली कोसा त्याच्यावरच मिळतो. याखेरीज बोर, जांभूळ आणि धावडा यांच्यावरही अळी आढळते. देशी बदाम हा ऐन-अर्जुनाच्याच टर्मिनॅलिया या प्रजातीतला असल्यामुळे आपल्याला ती तिथे सापडली यात मला नवल वाटत नाही.

यादी लांबलचक असली तरी ही सगळी झाडे अळीला सारखीच मानवतात असे समजू नये. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीला कोवळा, रसदार पाला लागतो, तर चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत पोहोचलेली अळी जून पानेही कडेपासून आत कुरतडत संपवते आणि आयुष्यातले बहुतांश खाणे याच अवस्थेत उरकते. ऐनाचे झाड उन्हाळ्यात निष्पर्ण होते, हेही कोशाच्या बांधणीत जमेस धरलेले दिसते: अळी रेशमाचा चिवट देठ काढून त्याचे कडे थेट फांदीभोवती आवळते, त्यामुळे पाने गळाली तरी कोसा खाली पडत नाही आणि आतला कीटक पावसाळ्यापर्यंत सुप्त राहतो. बाहेर पडलेला पतंग काहीच खात नाही, कारण त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. मादीची अंडी फुटतात तोवर झाडांना पालवी आलेली असते.

अळी घरी न आणता झाडावरच राहू द्यावी, असे माझे मत आहे. रस्त्याचे काम किंवा छाटणी यामुळे ते शक्यच नसेल, तर बदामाचीच फवारणी न झालेली डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवावी आणि अळी आत पडून बुडू नये म्हणून बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे. मधेच ऐनाचा पाला मिळाला म्हणून झाड बदलू नये, कारण एका पाल्याची सवय झालेली अळी दुसऱ्याला पुष्कळदा तोंड लावत नाही. डहाळी बदलताना अळीला ओढून काढू नये. तिने धरलेला तुकडा कापून नव्या डहाळीला टेकवला की ती आपणहून सरकते. ती खाणे सोडून निश्चल बसली असेल, तर ती बहुधा कात टाकण्याच्या बेतात असते, तेव्हा तिला हातही लावू नये.