चीगाँग करतो, मग बीपीची गोळी सोडू का?

मागच्या अंकात गुडघेदुखीवर लिहिताना मी चीगाँगचा ओझरता उल्लेख केला आणि त्यावरच पत्रं येऊन पडली. मी आयुष्यभर फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं आणि हे चिनी व्यायाम नंतर शिकले, तेव्हा उत्तरं त्याच नजरेनं वाचावी.

ताई, मी वीज कंपनीतून रिटायर झालो. बीपीची एक गोळी चालू आहे. मुलानं मोबाइलवर चीगाँगचे व्हिडिओ लावून दिले. हे नेमकं काय असते आणि जमलं तर गोळी बंद करता येईल काय?
— वि. दे., मनीषनगर

गोळी बंद करायची नाही. आधी हे, मग बाकीचं.

चीगाँग म्हणजे सावकाश हालचाल, तिच्या जोडीला सावकाश श्वास, आणि लक्ष या दोन्हींवर. चीनमध्ये असले व्यायाम फार जुने आहेत. छांगशा शहराजवळ मावांगत्वेई इथल्या थडग्यात १९७३ मध्ये रेशमावर काढलेलं एक चित्र सापडलं. त्यात ४४ माणसं व्यायाम करताना दिसतात. बायका, पुरुष, तरुण, म्हातारे, सगळे. हे थडगं इसवी सनापूर्वी १६८ सालचं. पण या सगळ्याला मिळून चीगाँग म्हणायची पद्धत रूढ झाली १९५० च्या दशकात, तिथल्या सरकारी आरोग्यकेंद्रांतून. परंपरा जुनी, पाटी नवी.

नियमित करणाऱ्यांचा रक्तदाब थोडा उतरतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण त्यातले पुष्कळ अभ्यास लहान आणि कच्चे आहेत. घरी मशीन असेल तर सकाळचा आकडा वहीत टिपत जा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करायचा तर ते करतील, तुम्ही परस्पर नाही.

सुरुवात ‘बादुआनजिन’ या आठ हालचालींच्या संचानं करा. सगळा संच पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर होतो. पहिली हालचाल इथंच सांगते. पाय खांद्यांइतके दूर, गुडघे किंचित सैल. निम्मे लोक इथंच अडकतात. सरळ उभं राहा म्हटलं की शाळेत प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे गुडघे मागे रेटून, छाती काढून ताठतात. गुडघा मागे रेटला की सगळा भार सांध्यावर जातो आणि मांडी आराम करते. आपल्याला नेमकं उलटं हवंय. आता दोन्ही हातांची बोटं गुंफून ओटीपोटासमोर धरा, तळवे वर. श्वास घेत हात छातीपर्यंत आणा, मग तळवे फिरवून आभाळाकडे ढकला. वर पोचल्यावर क्षणभर थांबा, श्वास मात्र कोंडू नका. बोटं सोडा आणि श्वास सोडत हात दोन्ही बाजूंनी खाली आणा. व्हिडिओत मान मागे टाकून हातांकडे बघतात. तुम्ही नजर समोर ठेवा, चक्कर येते. असं पाच-सहा वेळा पुरे.

आठवी हालचाल म्हणजे टाचा उचलून खाली टेकवणं, सात वेळा. तिच्या चिनी नावातच शंभर आजार पळवायची हमी आहे. नावावर जाऊ नका, पिंढऱ्या मात्र चांगल्या कामाला लागतात. हाडं ठिसूळ असतील तर टाचा आपटू नका, अलगद टेकवा.

आणि मे महिन्यात गच्चीवर करायचं तर सूर्य वर यायच्या आत उरका. नवतपाच्या नऊ तापत्या दिवसांत तेही नको, खोलीत कूलर लावून करा.

आम्ही रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात शिकलेली माणसं. आसनं आहेत, प्राणायाम आहे. मग हे चिनी काहून?
— कु. पां., धरमपेठ

काकू, तुमचं नियमित चालू असेल तर नका करू. खरंच. निःशुल्क वर्ग चालवून त्या मंडळानं नागपूरच्या कितीतरी घरांत योग नेला, त्यावर मी काय बोलणार! मी चीगाँग सुचवते ते खाली बसता-उठता न येणाऱ्यांना, कारण यातले बहुतेक प्रकार उभ्यानं होतात आणि खुर्चीवरही जमतात.

घरात नातवंडं असतील तर मात्र पाच प्राण्यांचा खेळ जरूर करून बघा. वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी. त्याचं श्रेय चिनी लोक हुआ तुओ या जवळपास १८०० वर्षांपूर्वीच्या वैद्याला देतात. पेंच आणि ताडोबा शेजारी असताना वाघाचा पंजा चिन्यांकडून काय शिकायचा, असं आमच्या घरातले म्हणतात. म्हणोत बापडे.

आईचे (वय ७१) दोन्ही गुडघे झिजलेत. इथं एक गृहस्थ हात न लावता तळहातातून ‘ची’, म्हणजे अंगातली शक्ती, सोडतात. दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेतले. आईला गुडघ्यात गरम वाटलं, दुखणंही कमी झालं म्हणते. आता ते म्हणून राहिले की गोळ्या आणि फिजिओथेरपी दोन्ही बंद करा. काय करावं?
— र. ठा., नंदनवन

पैसे गेले समजा आणि आईला परत फिजिओथेरपीला न्या.

आई खोटं बोलत नाहीत. कुणीतरी अर्धा तास आपल्या दुखण्यासमोर शांत बसलंय, हे या वयात कितीदा वाट्याला येतं? अंग सैल पडतं, लक्ष लावलं त्या जागी ऊब जाणवते, दुखणं काही वेळ मागे सरकतं. पण दुसऱ्याच्या तळहातातून निघालेल्या शक्तीनं गुडघ्यातली झिजलेली कूर्चा भरून येते, याला काडीचाही आधार नाही. दुखणं कमी वाटतंय तोवर मांडीचे स्नायू आणखी ढिले पडतील आणि पुढच्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरतील, मला भीती त्याची आहे.

चीनमध्येही हे सगळं होऊन गेलंय. १९८० च्या दशकात तिथं चीगाँगची लाटच आली. गुरू भरल्या सभागृहात हजारो लोकांवर ‘ची’ सोडायचे, लोक रडायचे, हसायचे, थरथरायचे. काहींच्या डोक्यावर परिणाम झाला आणि त्यांना मनोरुग्णालयांत न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी या त्रासाची वेगळी नोंद केली. शेवटी सरकारनं लगाम घातला आणि लोकांसाठी ठरावीक साधे संच तयार केले. वर सांगितलेला बादुआनजिन त्यातलाच एक. तेव्हा आपल्या शहरातल्या कुणी चीगाँगच्या नावानं औषध सोडायला सांगितलं, तर चपला घालून निघावं.

आईंना करून घ्यायचं ते असं. स्वयंपाकघरात ओट्याला दोन्ही हात टेकवून उभं राहायचं, पायांत वीतभर अंतर. सावकाश सगळं वजन डाव्या पायावर घ्या, उजवा पाय हलका होऊ द्या पण उचलू नका. दोन श्वास थांबा. मग उजव्यावर. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एवढंच. तुम्ही मागे उभं राहून कमरेकडे बघा. ती एका बाजूला लचकत असेल तर वजन स्नायूंवर येतच नाहीये. हे जमलं की चीगाँगच्या नात्यातला ‘ताई ची’ हा संथ चिनी व्यायाम शिकवा. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ च्या मार्गदर्शिकेत गुडघ्याच्या झिजेसाठी ताई चीची ठाम शिफारस केली आहे.

माझ्या मुलीला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. वय १५. चीगाँगनं रक्त सुधारते असं ऐकलं.
— एक आई, उमरेड रोड

नाही ताई, सुधारत नाही. हिमोग्लोबिनमधला तो दोष, एसएस म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला, जन्मजात आहे, श्वासानं किंवा हालचालीनं बदलत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर एक दिवसही चुकवू नका.

ती बसून बसून कंटाळली असेल, मैत्रिणींसारखं धावता येत नसेल, तर तिच्या डॉक्टरांना विचारून हलक्या हालचाली करू द्या. दम लागायच्या आत थांबायचं, पाण्याची बाटली जवळ. डिसेंबरच्या पहाटे मैदानावर नको आणि उन्हात तर नकोच. थंडी, पाणी कमी पडणं आणि अतिश्रम यांनी क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा जोराचा झटका, उठतो. दुखायला लागलं, ताप आला, छातीत कळ आली, तर व्यायाम-बियाम विसरून सरळ दवाखाना.

व्हिडिओ पाहून महिनाभर करतो आहे. हात समोर धरून उभं राहिलं की तळव्यांना मुंग्या येतात. ही ‘ची’ आहे काय? आजकाल पायालाही येतात, व्यायाम नसतानासुद्धा.
— अ. मे., सक्करदरा

हात अधांतरी धरून उभं राहिलं, लक्ष तळव्यांवर लावलं की तिथं ऊब, जडपणा, मुंग्या जाणवतात. पुष्कळांना होतं. चिनी गुरू त्याला ‘ची’ म्हणतील, म्हणू द्या, पण त्याच्या मागे लागू नका. श्वास भराभर घेत असाल तरीही मुंग्या येतात, तेव्हा तो आधी संथ करा.

पायांचं प्रकरण वेगळं आहे, भाऊ, आणि ते तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत टाकलंय. व्यायाम नसताना तळपायाला मुंग्या येत असतील तर उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. दवाखान्यात तळपायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवून संवेदना बघतात, तेही करून घ्या. तोवर अनवाणी उभं राहून व्यायाम नको. खडा रुतला तरी कळायचा नाही. रिपोर्ट आले की आकडे लिहून पाठवा.