‘ला दोन्या’ म्हणजे लेडी डॉन नव्हे

प्रश्न: मेक्सिकन अभिनेत्री मारिया फेलिक्सला ‘ला दोन्या’ म्हणत. म्हणजे ‘लेडी डॉन’च ना?

नाही हो! आपल्या वर्तमानपत्रांनी बिचाऱ्या ‘डॉन’ला कायमचं गुन्हेगार करून टाकलंय. स्पॅनिशमधलं ‘दोन’ हे निव्वळ आदरार्थी, नावाआधी लागणारं. ‘दोन्या’ त्याचं स्त्रीरूप. तेही पहिल्या नावालाच. ‘दोन्या मारिया’ बरोबर, ‘दोन्या फेलिक्स’ चूक. गोव्यातल्या दोना पावलातला ‘दोना’ याचाच पोर्तुगीज भाऊबंद, त्याचा पावलांशी काही संबंध नाही.

मूळ लॅटिन ‘दोमिना’, म्हणजे घरधनीण. मधला ‘इ’ गळाला आणि ‘म्न’चा ‘न्य’ झाला. ‘दोमिना’च्या पोटात ‘दोमुस’, म्हणजे घर. आता गंमत बघा: ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी ‘स्वे दमे’, आपल्या घरात, वाढतो. हा ‘दम’ आणि तो ‘दोमुस’ एकाच कुळातले. आपल्या ‘दंपती’तही तोच बसलाय! वैयाकरण मात्र ‘दंपती’ म्हणजे ‘जाया’ (बायको) आणि ‘पती’ असं फोडतात, आणि सांगतात की ‘जाया’च्या जागी ‘दम्’ निपातनाने, म्हणजे नियमाशिवाय तयारच धरलेलं रूप म्हणून, येतो. व्युत्पत्ती सापडली नाही की निपातन, हे बरं आहे. ऋग्वेदात एकट्या अग्नीला ‘दंपती’ म्हटलंय, चक्क एकवचनात. तिथे जाया कुठून आणायची? दंपती म्हणजे घराचा धनी. ग्रीक ‘देस्पोतेस’ हाच समास, आणि इंग्रजांचा ‘डेस्पॉट’, म्हणजे जुलमी सत्ताधीश, त्यातूनच आला. नवराबायको हा अर्थ द्विवचनाचा. ऑफिसातली ‘मॅडम’सुद्धा मुळात ‘माझी दोमिना’!

हां, मारिया. जन्म 1914 साली, मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या आलामोसचा. 1942 मध्ये गायक-अभिनेता होर्हे नेग्रेतेबरोबर पहिला चित्रपट. पुढे, 1952 मध्ये, त्याच्याशीच लग्न. त्याआधी संगीतकार आगुस्तिन लारा हा नवरा, ‘मारिया बोनिता’ हे गाणं तिच्यावर लिहिणारा. 1943 च्या ‘दोन्या बार्बारा’त तिने पुरुषांना नमवून जमिनी बळकावणारी मालकीण रंगवली. मूळ कादंबरी व्हेनेझुएलाच्या रोमुलो गाल्येगोसची, जो 1948 मध्ये तिथला राष्ट्राध्यक्षही झाला. ‘दोन्या’ तिला चिकटलं ते या भूमिकेमुळे. पुढे नाव गळून नुसतं ‘ला दोन्या’ उरलं. फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये तिने कामं केली. हॉलिवूडला मात्र गेली नाही.

मराठीत सांगायचं तर ‘बाईसाहेब’. तीही वाड्यावरची.