वाचक विचारतात : बॉबस्लेडपटूची कारकीर्द

प्रश्न : हिवाळी ऑलिम्पिकमधील बॉबस्लेडच्या, म्हणजे बर्फाच्या वळणदार उतारावरून गाडी घसरवत नेण्याच्या शर्यती पाहताना, गाडी ढकलणारे अनेक खेळाडू मूळचे धावपटू असल्याचे समजले. पंचविशीच्या आसपास नव्या खेळात येऊन ऑलिम्पिकपर्यंत मजल मारणे कसे शक्य होते? शिवाय, गाडी चालवणारा एकच असेल तर मागे बसणाऱ्याचे काम नेमके काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : बॉबस्लेडच्या एकाच गाडीत दोन अगदी निराळ्या कारकिर्दी बसलेल्या असतात, हे ध्यानात घेतले की आपल्या दोन्ही शंकांचा उलगडा होतो. पुढे बसतो तो पायलट आणि सर्वांत मागे बसतो तो ब्रेकमन. ब्रेकमनचे खरे काम सुरुवातीच्या पन्नासेक मीटरमध्ये, साधारण पाच सेकंदांत आटोपते. बारीक खिळ्यांचे बूट घालून बर्फावर जिवाच्या आकांताने धावायचे, गाडीला जितका देता येईल तितका वेग द्यायचा, उडी मारून आत बसायचे आणि मग मान खाली घालून निश्चल राहायचे. ब्रेक ओढायचा तो अंतिम रेषा ओलांडल्यावरच. सुरुवातीला गमावलेला एक दशांश सेकंद खाली पोहोचेपर्यंत तिप्पट होतो, असा या खेळातला ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे प्रशिक्षकांची नजर धावपटूंवर असते, आणि निवड चाचणीत छोट्या अंतराची धाव, उभ्याने लांब उडी, गोळा फेकणे आणि वजन उचलणे याच गोष्टी पाहिल्या जातात. बर्फाशी आधी ओळख असण्याची गरज नसते.

अमेरिकेची लॉरिन विल्यम्स हे याचे ठळक उदाहरण. तिने २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरचे रौप्यपदक आणि २०१२ मध्ये लंडनला रिलेचे सुवर्णपदक मिळवले होते. २०१३ मध्ये ती बॉबस्लेडकडे वळली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची येथे तिच्या गळ्यात रौप्यपदक पडले. एवढी झटपट प्रगती पायलटच्या वाट्याला कधीच येत नाही.

त्या दिवशी तिच्या पुढे बसलेल्या इलाना मायर्स टेलरची वाटचाल म्हणूनच अधिक बोलकी आहे. ती मूळची सॉफ्टबॉलपटू. ऑलिम्पिकच्या सॉफ्टबॉल संघात जागा मिळाली नाही, तेव्हा २००७ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी ती बॉबस्लेडच्या चाचणीला उतरली. २०१० मध्ये व्हँकुव्हरला तिने कांस्यपदक मिळवले ते ब्रेक सांभाळणारी म्हणून, आणि त्यानंतर तिने पुढची जागा घेतली. नाव झालेल्या खेळाडूने असे करणे म्हणजे पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसण्यासारखे आहे. पायलटच्या हातात दोन कड्या असतात. त्यांना बांधलेल्या दोऱ्या गाडीखालची, बर्फावर घसरणारी पुढची पोलादी पाती किंचित वळवतात, आणि ताशी १३० किलोमीटरच्या आसपास वेग असताना वळण डोळ्यांना दिसेपर्यंत हात हलवण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून प्रत्येक ट्रॅक आधी पायी चालून पाहावा लागतो आणि प्रत्येक वळण तोंडपाठ करावे लागते. शर्यतीपूर्वी कोपऱ्यात डोळे मिटून उभे असलेले, मुठी हवेत इंचभर डावीकडे-उजवीकडे फिरवणारे पायलट दिसतात, ते मनातल्या मनात अख्खा ट्रॅक उतरत असतात. मला स्वतःला प्रत्यक्ष शर्यतीपेक्षा हे दृश्य पाहण्यात अधिक गोडी वाटते.

सोचीत चारपैकी पहिल्या दोन फेऱ्यांनंतर आघाडीवर असूनही इलाना आणि लॉरिन यांचे सुवर्णपदक ०.१० सेकंदाने हुकले. २०१८ मध्ये प्योंगचांगला लॉरेन गिब्जच्या साथीने इलानाला पुन्हा रौप्यपदक मिळाले, आणि या वेळी फरक होता ०.०७ सेकंद. २०२० मध्ये तिला मुलगा झाला. २०२२ मध्ये बीजिंगला पोहोचताच तिला कोविडमुळे विलगीकरणात राहावे लागले, तरीही स्त्रियांसाठी प्रथमच ठेवलेल्या एकटीच्या मोनोबॉब प्रकारात तिने रौप्यपदक आणि दोघींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. तेव्हा ती ३७ वर्षांची होती. धावपटूचे पाय थकू लागतात त्या वयात पायलटचा अनुभव कामी येतो, तो असा.

या कारकिर्दीची दुसरी बाजूही सांगायला हवी. गाड्या आणि पाती महाग असतात, बक्षिसाची रक्कम बेताची असते. जर्मनीत सैन्य आणि पोलीस दल खेळाडूंना नोकरी देऊन सांभाळतात. अमेरिकेतल्या अनेकांना मात्र वर्गणी आणि प्रायोजक यांच्यामागे धावावे लागते, आणि पाती सँडपेपरने तासन्‌तास घासण्याचे कामही स्वतःच करावे लागते. सततच्या हादऱ्यांनी आणि अपघातांनी मेंदूला होणारी इजा हा तर त्याहून गंभीर विषय आहे. संघनिवडीच्या चर्चेत त्याकडे फार काळ काणाडोळा झाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझी भाची १६ वर्षांची असून १०० मीटर धावते. भारतात राहून तिला या खेळात येता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : भारतात बॉबस्लेडचा ट्रॅक नाही, ही पहिली अडचण. शिव केशवन हे मनालीजवळच्या वशिष्ठ गावचे. १९९८ ते २०१८ या काळात त्यांनी सहा हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भाग घेतला; मात्र त्यांचा खेळ ल्यूज, म्हणजे उताणे पडून घसरण्याचा. चाके लावलेली स्लेज हिमालयातल्या रस्त्यांवर पळवून त्यांनी सराव केला होता.

तरीही दार पूर्ण बंद आहे असे म्हणवत नाही. २०२४ मध्ये दक्षिण कोरियातील गँगवॉन येथे झालेल्या युवा ऑलिम्पिकमध्ये मुलींच्या मोनोबॉबचे रौप्यपदक थायलंडच्या आणि मुलांचे ट्युनिशियाच्या खेळाडूला मिळाले. या दोन्ही देशांत ट्रॅक नाही. त्यांच्या खेळाडूंनी प्योंगचांगच्या ट्रॅकवर सराव केला होता. मोनोबॉबमध्ये ढकलणारी आणि चालवणारी एकच असल्याने जोडीला अनुभवी पायलट शोधावी लागत नाही. मात्र ट्रॅकवर जाण्यासाठी परदेशी राहण्याचा खर्च आणि राष्ट्रीय संघटनेमार्फत प्रवेश या दोन्ही गोष्टी लागतील, आणि त्यांची चौकशी आधी करावी. तोवर भाचीने धावणे सोडू नये. सुरुवातीच्या ३० मीटरमधला वेग वाढवावा आणि जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वजन उचलण्याचा सराव सुरू करावा. विशी ओलांडल्यावर चाचणी दिली तरी उशीर झालेला नसेल.