जुना फ्लॅट विकण्यापूर्वी कोणत्या कामांवर खर्च करावा?

आपला प्रश्न असा आहे की, पुण्यातील सहकारनगरमधील १९८९ सालच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर असलेला दोन बेडरूमचा फ्लॅट विकण्याआधी, एजंट म्हणतो त्याप्रमाणे किचन, दोन्ही बाथरूम आणि फरशी यांवर आठ लाख रुपये घालावेत का, म्हणजे किंमत पंधरा लाखांनी वाढेल. कोथरूडमधील एका गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद बरीच वर्षे सांभाळत असल्याने हस्तांतरणाची प्रकरणे माझ्या नजरेखालून जात असतात. माझे मत असे की, आठापैकी फार तर दीड-दोन लाखांची कामे करावीत, आणि तीही पुनर्विकासाचे, म्हणजे इमारत पाडून नवी बांधण्याचे, काय ते कळल्यावरच.

पस्तिशी ओलांडलेल्या इमारतीतील फ्लॅटला पुण्यात दोन प्रकारचे ग्राहक येतात. एकाला तिथे राहायचे असते. दुसऱ्याची नजर पुनर्विकासानंतर मिळणाऱ्या नव्या फ्लॅटवर असते. संस्थेने विकसकांकडून निविदा मागवल्या असतील, तर हा दुसरा ग्राहक कार्पेट क्षेत्रफळ मोजतो, जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर झाली आहे का, ते विचारतो आणि आपल्या नव्या फरशीकडे ढुंकूनही पाहत नाही, कारण तिचा राडारोडाच होणार हे त्याला ठाऊक असते. म्हणून संस्थेच्या अलीकडच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आधी वाचावीत. पुनर्विकास जवळ आला असेल, तर घर रिकामे करून स्वच्छ ठेवावे, मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडील व्यवहाराचा उतारा), भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि मिळकतकराच्या पावत्या यांची फाइल पूर्ण करावी आणि बाकी कशालाही हात लावू नये.

पुनर्विकासाची चर्चाच नसेल, तर खर्चाचा पहिला मान ओलीचा आहे. ग्राहक एकटा येत नाही. सोबत सासरे किंवा काका असतात आणि ते फर्निचरकडे न पाहता थेट बाथरूमच्या मागच्या भिंतीवर तळहात ठेवतात, सिंकखालचे दार उघडून वास घेतात आणि स्लॅबच्या कोपऱ्यात पोपडे शोधतात. ओल मुरलेल्या भिंतीवर लांबी (पुट्टी) भरून रंग दिला, तर पुढच्या पावसात तो फुगतो. शिवाय एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला की जाणता माणूस तिथेच सौदा थांबवतो. आपला मजला वरचा असल्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी: गच्चीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने छत खराब झाले असेल, तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) ती दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. त्यासाठी लेखी अर्ज द्यावा, पदरचे पैसे घालू नयेत. नहाणी ट्रॅपची, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याची, गळती मात्र आपल्या खर्चाने दुरुस्त करावी.

त्यानंतर किटकॅट फ्यूज (तार घालायचे जुने फ्यूज) काढून एमसीबी (भार वाढल्यास आपोआप बंद होणारे स्विच) आणि शॉकपासून वाचवणारा गळती-विद्युत रोधक बसवणे, गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप बदलणे, मोझॅक फरशीला पॉलिश करून घेणे आणि एकाच फिकट छटेचा रंग देणे, एवढे पुरते. मॉड्युलर किचन करू नये. आमच्याच संस्थेत एका गृहस्थांनी विक्रीसाठी म्हणून नवा ओटा आणि ट्रॉल्या बसवल्या; घेणाऱ्या कुटुंबाला ओटा पूर्वेच्या भिंतीला हवा होता, आणि ताबा मिळताच ग्रॅनाइटचे तुकडे व प्लास्टिकचे वेष्टनही न निघालेल्या ट्रॉल्या फाटकाशी येऊन पडल्या. परवानगीशिवाय बाल्कनी आत घेणे तर त्याहून वाईट, कारण मंजूर नकाशाशी मेळ बसला नाही की बँकेचा तंत्रज्ञ अहवालात शेरा मारतो.

पंधरा लाखांच्या दाव्याची परीक्षाही बँकेपाशीच होते. मूल्यांकन करणारा क्षेत्रफळ, ठिकाण आणि इमारतीचे वय पाहतो. नव्या टाइल्सने त्याचा आकडा फारसा हलत नाही. ७५ लाखांवरील गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मूल्याच्या कमाल ७५ टक्केच रक्कम मिळते. म्हणजे नूतनीकरणापोटी वाढवलेली किंमत ग्राहकाला बहुतांशी स्वतःच्या खिशातून द्यावी लागते आणि तिथेच तो घासाघीस करतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च सुविधेत आपल्या आसपासच्या इमारतींमधील अलीकडचे व्यवहार पाहता येतात. ते आकडे एजंटापुढे ठेवावेत आणि त्यांतील कोणते घर नवे केलेले होते ते त्यालाच विचारावे.

कराच्या दृष्टीने, फरशी बदलण्यासारखा भांडवली सुधारणेचा खर्च भांडवली नफा काढताना धरता येतो, रंगकाम सहसा धरले जात नाही. त्यामुळे पक्की बिले घ्यावीत आणि पैसे बँकेमार्फत द्यावेत.

वेळापत्रकही पाहावे. गळतीची कामे मे महिन्यापर्यंत संपवावीत, म्हणजे पावसाळाच त्यांची तपासणी करतो. रंगाऱ्याला पितृपक्षात बोलवावे, कारण त्या पंधरवड्यात घर पाहायला फारसे कोणी येत नाही, आणि जाहिरात घटस्थापनेला द्यावी.