एशियाडची जाहिरात करताय? आधी खेळाडूला विचारा

साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं खेळसाहित्याचं दुकान आहे. स्वतःच्या नावाचे ट्रॅकसूटही शिवून घेतो. सप्टेंबरमध्ये नागोयाला एशियाड आहे. जिल्ह्यातल्या कुणी पदक आणलं तर फोटोसह अभिनंदनाचा फ्लेक्स लावू का?

अभिनंदन जरूर करा. पण फोटोखाली दुकानाचं नाव आलं की ती जाहिरात होते, आणि जाहिरातीला खेळाडूची लेखी परवानगी हवी. २०२१ मध्ये टोकियोत पी. व्ही. सिंधूने कांस्य जिंकलं. तेव्हा तिला न विचारता अभिनंदनाच्या जाहिराती करणाऱ्या कंपन्यांवर कायदेशीर कारवाईची तयारी तिच्या व्यवस्थापन संस्थेने केली होती. स्पर्धेचं बोधचिन्हही आयोजकांचं असतं, ते घेऊ नका. तिरंगाही नको. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज जाहिरातीत वापरता येत नाही, आणि ट्रॅकपँटवर तो छापणं तर अवमानच.

शिवाय पदकाची वाट कशाला पाहता? अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली ती साताऱ्यात सराव करून, वयाच्या १७ व्या वर्षी. आज सराव करणाऱ्या पोरांना आजच विचारा.

विट्याला आमचा जर्सी शिवायचा छोटा कारखाना आहे. बजेट दोन लाख. मोठा चेहरा परवडत नाही. होर्डिंग करू की व्हिडिओ?

व्हिडिओ करा, तीस-तीस सेकंदांचे तीन. होर्डिंगचे पैसे भाड्यातच संपतील.

चेहऱ्यासाठी मुंबई गाठू नका. पहाटे साडेपाचला यवतेश्वरच्या घाटात उभे राहा, सातारा हिल मॅरेथॉनचा चढ तोच. किंवा माण तालुक्यात जा. तिथल्या मोही गावच्या ललिता बाबरने २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय महिला ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत होती. त्या रस्त्यांवर आज पळणारी एखादी मुलगी शोधा, तिला मानधन द्या आणि तिची धाप ऐकू येऊ द्या. मागे संगीत वाजवून ती झाकू नका.

तुमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. दिव्यांग खेळाडू घेतलात तर कीव येईल असं काही दाखवू नका. गोळा हातातून सुटतानाचा खांदा दाखवा.

आणि कपडा घामातच दाखवायचा. जर्सी पाठीला चिकटते का, काखेतली शिवण काचते का, हे पळणाऱ्याला एका नजरेत कळतं. चिकटत असेल तर आधी कापड बदला, जाहिरात नंतर.

माझी मुलगी १६ वर्षांची, कबड्डी खेळते. एक कंपनी बुटांच्या बदल्यात फोटो मागतेय. सही करू द्यावी का?

तिला सही करू देऊ नका. १८ पूर्ण नसताना केलेला करार कायद्याने टिकत नाही. पालक म्हणून तुम्ही करा, पण त्याआधी फोटो किती महिने आणि कुठे वापरणार, दुसऱ्या कंपनीचं काम करता येईल का, हे लिहून घ्या. 'कायमस्वरूपी' हा शब्द दिसला तर खोडा. धंद्यात नवखा असताना मी एका पैलवानाचा फोटो बुटांच्या एका जोडीवर घेतला होता. तो तीन वर्षं फ्लेक्सवर राहिला, त्याला पुन्हा एक पैसा मिळाला नाही. ती सल अजून आहे. बुटांवर तोड करू नका, पैसे मागा.

आम्ही जाहिरातीत घेतलेला खेळाडू हरला तर?

त्याच संध्याकाळी जाहिरात लावा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचा कोपर दुखावला आणि सुवर्ण एका किलोने हुकलं. तशा दिवशी पाठीशी उभं राहणारं नाव खेळाडूच्या घरचे विसरत नाहीत. मात्र हरल्यानंतरचं वाक्य स्पर्धेआधीच लिहा, खेळाडूला वाचून दाखवा. त्याला रुचलं नाही, तर ते लावू नका.