जुनी मोटरसायकल घेताना

प्रश्न : मुलाला कॉलेजला जायला २०१७ ची स्प्लेंडर बघितली आहे. मीटरवर २८ हजार किलोमीटर दिसतात. काय तपासू? – एक वाचक, बारामती

उत्तर : ताई, सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ इंजिनाला हात लावून बघा. ते आधीच गरम असेल, तर मला शंका येते. गार इंजिन किकने सुरू व्हायला हवं. मग ॲक्सिलरेटर पिळून सोडा आणि सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिनाचं काम निघणार, तो खर्च किमतीतून वजा करा.

मीटरवर मी कधीच विसंबत नाही. पायाखालचे रबर, ब्रेकचं पेडल बघा. ती गुळगुळीत झिजली असतील तर २८ हजार खरे नाहीत. पुढचे शॉकॲब्सॉर्बर दाबून बघा, ऑइल गळतंय का. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ती आपटलेली असू शकते. अशी गाडी पोराच्या हातात देऊ नका, कितीही स्वस्त मिळो.

चासी नंबर हँडलखाली फ्रेमवर कोरलेला असतो. तो आणि इंजिन नंबर आरसीशी (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राशी) अक्षरन् अक्षर जुळवा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि तो बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हवाच. दंडाची थकलेली चलनं ऑनलाइन दिसतात. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.