७२ बाइटांसाठी ९६ कशाला?

प्रश्न : लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) सुरक्षा मॉड्यूलमध्ये मी प्रत्येक इनोडला (फाइलची माहिती ठेवणाऱ्या रचनेला) ७२ बाइटांची नोंद जोडतो; तिची मेमरी केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागायच्या फंक्शनने) घेतो. मेमरी भराभर संपते. चुकतंय कुठे?

उत्तर : केमॅलॉककडे ठरावीक मापं असतात : ६४, ९६, १२८... तुमचे ७२ बाइट ९६ च्या खणात बसतात, २४ वाया. या नोंदीसाठी वेगळा स्लॅब कॅशे (एकाच मापाच्या खणांचा साठा) करा. मेमरीच्या ४०९६ बाइटांच्या पानात (ठोकळ्यात) ४२ ऐवजी ५६ नोंदी मावतील. मी तर पूर्वी प्रत्येक परवानगी तपासताना नवी मेमरी मागायचो, निव्वळ उधळपट्टी! छोटी, तात्पुरती रचना स्टॅकवरच (फंक्शन संपताच आपोआप मोकळ्या होणाऱ्या जागेत) ठेवा (छोटीच हं, कर्नलचा स्टॅक तोकडा असतो). एसई-लिनक्स (लिनक्सचं एक सुरक्षा मॉड्यूल) तर परवानगीचे दिलेले निर्णयच कॅशेत जपतं. नोंदीत गुप्त किल्ली असेल, तर मेमरी परत करण्याआधी ती पुसा.